विश्लेषण : किरणोत्सर्गाच्या संकटाची तयारी म्हणजे काय? होमी भाभांनी काय उभारले आणि काय राहून गेले?

देवरूख : सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. राजापूर तालुक्यातील माडबन, म्हणजे प्रस्तावित जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जागा, इथून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास आहे. अणुप्रकल्पाच्या भोवती आपत्कालीन नियोजनासाठी साधारणपणे १६ किलोमीटरचे क्षेत्र धरले जाते. त्या हिशेबाने देवरूख, साखरपा, संगमेश्वर ही गावे बाहेर राहतात. जैतापूरला अजून एकही अणुभट्टी उभी नाही. मग देवरूखच्या माणसाने किरणोत्सर्गाच्या संकटाचा विचार का करायचा?

याचे उत्तर शोधताना सत्तर वर्षे मागे, मुंबईतील ट्रॉम्बेला जावे लागते. भारतात किरणोत्सर्ग मोजायचा कसा, त्यापासून माणसांना सांभाळायचे कसे आणि काही बिघडले तर कोणी काय करायचे, या व्यवस्थेचा पाया तिथे घातला गेला. त्यामागचे मुख्य नाव डॉ. होमी जहांगीर भाभा. अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. आरोग्यरक्षणाच्या बाजूने त्यांच्या आयुष्याकडे फारसे पाहिले जात नाही. त्या बाजूने पाहिले, तर आपल्या तयारीत भक्कम काय आहे आणि कच्चे काय आहे, हे दोन्ही समजते.

आधी समजून घेऊ : किरणोत्सर्गाचे संकट कशाला म्हणतात?

किरणोत्सर्ग आपल्याभोवती नेहमीच असतो. जमिनीतून, दगडांतून, अवकाशातून, अगदी अन्नातूनही तो शरीराला मिळतो. शरीरावर होणारा त्याचा परिणाम मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. नैसर्गिक स्रोतांमुळे जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा याच्या अगदी छोट्या अंशाइतकी असते.

संकट तेव्हा येते, जेव्हा किरणोत्सर्गी पदार्थ जिथे असायला हवा तिथून बाहेर पडतो. अणुभट्टीचा अपघात हा त्याचा सर्वात मोठा प्रकार. रुग्णालयातील, कारखान्यातील किंवा प्रयोगशाळेतील स्रोत हरवणे, चोरीला जाणे किंवा भंगारात जाणे हा दुसरा प्रकार, आणि तो कोणत्याही गावात घडू शकतो. किरणांना रंग नाही, वास नाही, चव नाही. उपकरणाशिवाय ते कळतच नाहीत. त्यामुळे या संकटाच्या तयारीची पहिली पायरी मोजणी हीच असते. मोजणी करणारा माणूस, उपकरण आणि आधीची नोंद या तीन गोष्टी संकटाच्या आधीच तयार असाव्या लागतात.

भाभा कुटुंब आणि ल्युकेमिया

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. वडिलांची बहीण मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे टाटांच्या घरातील बैठका, उद्योगांच्या चर्चा आणि पाहुण्यांची वर्दळ होमी लहानपणापासून पाहत होते. कॅथेड्रल अँड जॉन कॅनन शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्यांचा मुंबईतील शिक्षणाचा प्रवास झाला.

घरच्यांचा बेत साधा होता. मुलाने इंजिनीअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम पाहावे. त्यासाठी १९२७मध्ये त्यांना केंब्रिजला पाठवण्यात आले. तिथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. वडिलांनी अट घातली की आधी मेकॅनिकल इंजिनीअरिंग प्रथम श्रेणीत पूर्ण कर, मग हवे ते शिक. १९३०मध्ये होमी यांनी ती अट पूर्ण केली.

पुढच्याच वर्षी, १९३१मध्ये, मेहेरबाई टाटा यांचे ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजींनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा केला. दोराबजीही १९३२मध्ये गेले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशांतून परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. किरणांनी कर्करोगावर उपचार करणारे हे रुग्णालय पुढे भाभांच्या कामाशी थेट जोडले गेले.

केंब्रिज : किरणांचा अभ्यास, किरणांचा धोका

भाभांचा संशोधनाचा विषय होता वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे अतिशय ऊर्जावान कण. १९३५मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आजही भाभा स्कॅटरिंग या नावाने शिकवले जाते. १९३७मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी एक वैश्विक कण वातावरणात शिरल्यावर नव्या कणांचा वर्षाव कसा तयार होतो, याचा सिद्धांत मांडला.

त्याच काळात किरणांच्या दुसऱ्या बाजूची जाणीव जगाला होत होती. घड्याळाच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या अमेरिकी तरुणींना जबड्याचे आणि हाडांचे भयंकर आजार झाले होते. रेडियमचा शोध लावणाऱ्या मारी क्युरी जुलै १९३४मध्ये रक्ताच्या आजाराने गेल्या. अस्थिमज्जा निकामी होण्याचा तो आजार दीर्घकाळ किरणांच्या सान्निध्यात काम केल्यामुळे झाला, असे मानले जाते. किरणांसोबत काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती १९२८मध्ये स्थापन झाली होती. या मर्यादा पुढे वेळोवेळी कडक होत गेल्या. एका पिढीला सुरक्षित वाटलेली मात्रा पुढच्या पिढीला जास्त वाटली, हा या विषयाचा इतिहासच आहे.

युद्धाने थांबवले, बेंगळुरूने घडवले

१९३९मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांनी काम सुरू केले. तिथे वैश्विक किरणांच्या संशोधनाचा विभाग उभा केला. १९४१मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

या वर्षांत त्यांचा परदेशी परतण्याचा विचार मावळला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून भारतात मूलभूत संशोधनाची संस्था उभारण्याचा प्रस्ताव मांडला. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला बाहेर पाहावे लागू नये, हा त्यामागचा हिशेब होता. तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडायचा होता. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बेंगळुरूत सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत आली. माणसे आधी तयार करायची, यंत्रे नंतर आणायची, ही त्यांची पद्धत इथे पहिल्यांदा दिसली.

ट्रॉम्बे : भट्टीसोबत मोजणीही

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ३ जानेवारी १९५४ रोजी ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनाची सुरुवात झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा विभाग निर्माण झाला आणि भाभा त्याचे सचिव झाले. हा विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली होता.

४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी ट्रॉम्बेत सुरू झाली. एक मेगावॉट क्षमतेची ही भट्टी पाण्याच्या खोल कुंडात होती. तेच पाणी भट्टीला थंड ठेवायचे आणि किरणही अडवायचे. इंधन ब्रिटनकडून आले, पण भट्टी आणि तिची नियंत्रण यंत्रणा भारतीय चमूने उभारली. ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने किरण मोजणारी उपकरणे ट्रॉम्बेतच बनवायला घेतली. याच कामातून पुढे १९६७मध्ये हैदराबादची ईसीआयएल कंपनी उभी राहिली.

भट्टीच्या बरोबरीने ट्रॉम्बेत हेल्थ फिजिक्स, जीवशास्त्र आणि वैद्यकीय असे विभाग वाढले. हेल्थ फिजिक्स म्हणजे किरणांपासून माणसांच्या रक्षणाचे शास्त्र. ए. के. गांगुली यांनी या विभागाचे नेतृत्व केले, तर जीवशास्त्राची बाजू ए. आर. गोपाल-अय्यंगार यांनी सांभाळली. कामगारांच्या छातीवर फिल्म बॅज लावले जाऊ लागले. या बिल्ल्यात फोटोची छोटी फिल्म असते. ठरावीक काळाने ती धुतली, की ती जितकी काळी पडली असेल त्यावरून त्या माणसाला मिळालेली मात्रा कळते. १९७५पासून फिल्मच्या जागी टीएलडी बिल्ला आला. जिल्ह्याच्या रुग्णालयातील एक्स-रे किंवा सीटी स्कॅन विभागात तंत्रज्ञाच्या खिशाला जो बिल्ला लावलेला दिसतो, तो हाच.

आणखी एक पद्धत इथे रुजली. अणुभट्टी सुरू होण्याआधीच आजूबाजूची माती, पाणी, मासे, भाजी, दूध यांतील किरणोत्सर्ग मोजून ठेवायचा. ही आधीची नोंद नसेल, तर नंतर काही वाढले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. आजही अणुप्रकल्पाच्या ठिकाणी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा भट्टीच्या आधी सुरू करतात, त्यामागचे कारण हेच.

बॉम्बची राख आणि मच्छीमारांची बोट

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा झाला. धोक्याच्या घोषित क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवरचे २३ मच्छीमार आजारी पडले आणि त्यांपैकी एक जण त्याच वर्षी दगावला. बाजारात आलेली मासळी फेकून द्यावी लागली. नकाशावर आखलेली रेषा वारा पाळत नाही, हे साऱ्या जगाने पाहिले.

एप्रिल १९५४मध्ये पंतप्रधान नेहरूंनी संसदेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. या स्फोटांचे परिणाम सामान्य माणसाला समजावेत म्हणून भारत सरकारने अभ्यास करून घेतला. डॉ. डी. एस. कोठारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामात भाभा आणि मुंबईचे ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा सहभाग होता. १९५६मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याला नेहरूंची प्रस्तावना होती. सरकारनेच किरणोत्सर्गाच्या परिणामांची माहिती उघडपणे लोकांसमोर ठेवली, असे हे त्या काळातील दुर्मीळ उदाहरण होते.

ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद झाली. तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती स्थापन झाली. भारत तिचा सुरुवातीपासूनचा सदस्य आहे आणि डॉ. खानोलकर यांनी तिथे भारताचे प्रतिनिधित्व केले.

१९५७चा धडा : दूध ओतून द्यावे लागले

ऑक्टोबर १९५७मध्ये ब्रिटनमधील विंडस्केल येथे अणुभट्टीला आग लागली. चिमणीतून बाहेर पडलेले किरणोत्सर्गी आयोडीन कुरणांवर बसले, गाईंनी ते गवत खाल्ले आणि आयोडीन दुधात उतरले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातील दूध गोळा करून ओतून देण्यात आले.

हे समजून घेणे आजही महत्त्वाचे आहे. आपल्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. आयोडीन साधे आहे की किरणोत्सर्गी, हे तिला ओळखता येत नाही. लहान मुलांची ग्रंथी छोटी असते आणि त्यांच्या आहारात दूध जास्त असते, म्हणून धोका त्यांना सर्वाधिक. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे पहिले काही आठवडे दूध टाळले, तर मोठे नुकसान टळते. १९८६मध्ये चेर्नोबिलच्या परिसरात दुधाबाबत हे वेळेवर झाले नाही आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. वेळेवर दिलेली माहिती औषधाइतकीच उपयोगी असते, हे या दोन घटनांमधील फरकावरून दिसते.

केरळची वाळू आणि परळचे रुग्णालय

भाभांच्या अणुकार्यक्रमात थोरियमला मोठे स्थान होते. केरळच्या किनाऱ्यावर, चवरा-नींदकरा पट्ट्यात, थोरियम असलेली मोनाझाइट वाळू मुबलक आहे. या वाळूमुळे तिथल्या काही घरांत नैसर्गिक किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीपेक्षा अनेक पटींनी जास्त आहे. तिथे लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. कमी मात्रा दीर्घकाळ मिळत राहिली तर काय होते, हे समजण्यासाठी या पट्ट्याचा अभ्यास १९५०च्या दशकापासून महत्त्वाचा ठरला. करुनागप्पल्ली भागातील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. घरोघरी मात्रा मोजल्यामुळेच असा निष्कर्ष काढता आला.

१९६२मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा कारभार आरोग्य मंत्रालयाकडून अणुऊर्जा विभागाकडे आला. कर्करोगाच्या उपचारात किरणांचे महत्त्व वाढणार, हे भाभांनी ओळखले होते. त्यांच्या आत्याच्या आजारातून सुरू झालेला धागा असा त्यांच्याच विभागापर्यंत पोहोचला. कर्करोग रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे का, असा प्रश्न अनेक रुग्णांच्या नातेवाइकांना पडतो. त्याचे उत्तर इथे आहे.

मग राहून काय गेले?

भाभांच्या कामाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९४८च्या अणुऊर्जा कायद्यात गोपनीयतेच्या कडक तरतुदी होत्या आणि त्यावर तेव्हाच संविधान सभेत टीका झाली. आयोग छोटा असावा आणि थेट पंतप्रधानांना उत्तरदायी असावा, हा भाभांचा आग्रह होता. त्यामुळे निर्णय वेगाने झाले. पण अणुभट्टी उभारणारे, ती चालवणारे आणि तिची सुरक्षा तपासणारे, सगळे एकाच छताखाली राहिले. १९६२च्या कायद्यात सुरक्षेसाठी वेगळे कलम आले. त्याच कायद्यात माहिती रोखण्याचे अधिकारही कायम राहिले.

याला कारण होते. ट्रॉम्बेत १९६०मध्ये सुरू झालेली सायरस भट्टी आणि १९६५मध्ये उद्घाटन झालेला प्लुटोनियम वेगळा करण्याचा कारखाना यांचा उपयोग वीज आणि शस्त्र या दोन्ही दिशांना होऊ शकत होता. १९७४च्या पोखरण चाचणीतील प्लुटोनियम सायरसमधूनच आले होते. जिथे गोपनीयता लागते, तिथे शेजारच्या गावाला सगळे सांगणे अवघड होते. कुंपणाच्या आत प्रत्येक कामगाराच्या छातीवर बिल्ला होता. कुंपणाबाहेरच्या माणसापर्यंत काय आणि कसे पोहोचवायचे, याची व्यवस्था मात्र मागे राहिली.

तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार १९६३मध्ये झाला. ते पूर्ण झालेले भाभांना पाहता आले नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ५६ वर्षांचे भाभाही होते. ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या आस्थापनाला त्यांचे नाव देण्यात आले आणि ते भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी झाले.

भाभांनंतर काय बदलले?

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, अशा मर्यादा आज लागू आहेत. भाभांच्या काळात कामगारांसाठी ही मर्यादा ५०च्या घरात होती.

फेब्रुवारी २००९मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अणु आणि किरणोत्सर्गी संकटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार प्रकल्पाच्या आतील संकटाची जबाबदारी प्रकल्पावर, तर बाहेरच्या लोकांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील यंत्रणेवर असते. बीएआरसीची आपत्कालीन केंद्रे आणि किरणोत्सर्ग मोजणारे जाळे देशभर आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, आपल्याला जवळची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते.

तरीही उणिवा दिसल्या. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने यंत्र लिलावातून पोहोचले. त्यात कोबाल्ट-६० होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. एकाचा मृत्यू झाला आणि इतर काही जण गंभीर आजारी पडले. १९८७मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरातही असेच घडले होते. तिथे चार जणांचा मृत्यू झाला आणि १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. या दोन्ही ठिकाणी जवळपास कुठेही अणुभट्टी नव्हती.

२०१२मध्ये महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालाने नियामक मंडळाच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवले. देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० केंद्रांची नोंदणी झाली होती, असे त्यात नमूद होते. नोंदणी नसेल तर कोणते यंत्र कुठे आहे, हेच कळत नाही.

देवरूखसाठी याचा अर्थ काय?

२०११मध्ये जपानच्या फुकुशिमातील अपघातात आधी २० किलोमीटरपर्यंतचा भाग रिकामा करण्यात आला. पुढे सुमारे ४० किलोमीटरवरील इताते हे गावही हलवावे लागले, कारण वारा त्या दिशेला होता आणि पाऊस-बर्फाने किरणोत्सर्गी कण जमिनीवर आणले. चेर्नोबिलनंतर पावसामुळे दूषित झालेल्या ब्रिटनच्या डोंगराळ भागातील मेंढ्यांवरील निर्बंध २०१२मध्ये उठले.

देवरूख माडबनच्या उत्तर-ईशान्येला आहे. कोकणात पावसाळी वारे प्रामुख्याने पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात आणि सह्याद्रीला अडून पाऊस पाडतात. त्याच दिवसांत दरडी कोसळून घाट बंद पडतात. याचा अर्थ देवरूखला उद्या धोका आहे असा नाही. उद्या प्रकल्प झाला, तर १६ किलोमीटरच्या बाहेरच्या तालुक्यांनीही वारा, पाऊस आणि रस्ते यांचा विचार आधीच करून ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय आसपासची गावे रिकामी करावी लागली, तर त्या लोकांची राहण्याची, तपासणीची आणि उपचारांची सोय बाहेरच्या गावांनाच करावी लागते.

अशा वेळी घराघरांत काय करायचे, हे फार अवघड नाही :

- घरात राहा, दारे-खिडक्या बंद करा. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती किरण बऱ्यापैकी अडवतात, पण कौलांच्या फटींतून हवा आत येते. जवळ स्लॅबची खोली असेल तर तिथे थांबा.
- बाहेरून आल्यास वरचे कपडे काढून पिशवीत बांधून ठेवा आणि साबणाने अंघोळ करा. अंगावर बसलेल्या धुळीचा मोठा भाग कपड्यांबरोबरच जातो.
- विहीर झाका. उघड्यावरचे पाणी आणि परसातील पालेभाजी सूचना येईपर्यंत वापरू नका.
- गुरे गोठ्यात बांधा, साठवलेला पेंढा घाला. ताजे दूध मुलांना देण्याआधी अधिकृत सूचनेची वाट पाहा.
- पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त यंत्रणेने सांगितल्यावरच घ्या. प्रौढांसाठी ती १३० मिलिग्रॅमची असते, मुलांना कमी द्यावी लागते. ती केवळ थायरॉइडचे रक्षण करते, इतर किरणांपासून नाही. चाळिशीनंतर तिचा फायदा कमी असतो.
- आयोडीनयुक्त मीठ हा पर्याय नाही. किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन धरले, तर एका गोळीइतके आयोडीन मिळवायला सहा किलोंहून अधिक मीठ खावे लागेल.
- तीन पात्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह असलेली किंवा शिशाच्या जाड आवरणातील अनोळखी जड वस्तू भंगारात दिसली, तर हात लावू नका. लांब जा आणि पोलिसांना ११२वर कळवा.

घराच्या पातळीवरची ही तयारी झाली. गावाच्या पातळीवर काही साधे प्रश्न आजच विचारता येतात. गावातील एक्स-रे केंद्राकडे नियामक मंडळाचा परवाना आहे का आणि तिथल्या तंत्रज्ञाला टीएलडी बिल्ला मिळतो का? तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात पूर आणि दरडींसोबत किरणोत्सर्गाचे पान आहे का? ग्रामीण रुग्णालयात अशा रुग्णाला कुठे धुवायचे, कुठे ठेवायचे आणि कोणाला फोन करायचा, हे ठरले आहे का? आशाताई आणि शिक्षकांना आयोडीनच्या गोळीबद्दल कोणी सांगितले आहे का? जिल्ह्यातील माती, पाणी, मासळी आणि दुधाची आजची मोजणी झाली आहे का, आणि झाली असेल तर ती लोकांना कुठे पाहता येते?

यातला शेवटचा प्रश्न भाभांच्या कामाच्या सर्वात जवळचा आहे. आधी मोजून ठेवा, ही सवय त्यांच्या काळात ट्रॉम्बेत लागली आणि आजही प्रत्येक अणुप्रकल्पात ती पाळली जाते. ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोहोचवणे हे काम मात्र अजून बाकी आहे. त्यासाठी अणुभट्टीची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे माहिती मागणे आणि ग्रामसभेत हा विषय घेणे, एवढ्यापासून त्याची सुरुवात होऊ शकते.